पांदणीच्या पिकअपला कोणतं इंजिन घालावं?

जुन्या बोलेरो कॅम्परच्या फोर-व्हील (चारही चाकांनी ओढणाऱ्या) सांगाड्यावर वावरा-जंगलात फिरणारी पिकअप उभी करायची असेल, तर महिंद्राचं २५२३ सीसी डीआय टर्बो डिझेल इंजिन (पुढे नुसतं ‘डीआय’) घाला आणि वाचलेले पैसे रेडिएटर, क्लच आणि टायरमध्ये टाका. दहातल्या आठ कास्तकारांसाठी हेच उत्तर आहे. उरलेल्या दोघांसाठी महिंद्राचीच जास्त ताकदीची सीआरडीई किंवा एमहॉक इंजिनं. ते दोघं कोण, ते पुढे येईलच. क्वालिसचं टोयोटा, टाटाचं ३ लिटर आणि जुनं प्यूजो यांचीही बाजारात भरपूर चर्चा असते, म्हणून तीही इथे तपासली आहेत.

आधी एक गणित, कारण इंजिनाची निवड बहुतेक वेळा हॉर्सपॉवरच्या आकड्यावर होते आणि तिथेच चुकते. समजा गिअरची प्रमाणं अशी: पहिला गिअर ४, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लो-रेंज गिअर २.५ आणि डिफरन्शियल ४.३. गुणाकार झाला ४३. डीआय टर्बोचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) साधारण १८० न्यूटन-मीटर, तोही १५०० आरपीएमच्या (मिनिटाच्या फेऱ्यांच्या) आतच. ४३ ने गुणून त्यातले २० टक्के घर्षणात गेले असं धरलं, तरी चाकांवर सहा हजारांच्या वर न्यूटन-मीटर उरतात. २३५/७५ आर १५ टायरवर याचा अर्थ सुमारे १७०० किलोची ओढ. आता दुसरी बाजू बघा. मालासकट अडीच टनाची गाडी, खाली ओली कन्हार, म्हणजे काळी चिकण जमीन. पकड वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी धरली तर टायर जेमतेम ८०० किलो ओढू शकतात, त्यापुढे घसरतात. म्हणजे लो-रेंजमध्ये डीआयचं ६३ हॉर्सपॉवरचं इंजिनसुद्धा मातीला झेपेल त्याच्या दुप्पट ताकद देतं. गाडी अडकते ती पकड संपल्यामुळे. तिथे १२० हॉर्सपॉवर घातली तर खड्डा लवकर खोल होईल, बस.

याच गणितात १४०० आरपीएमला गाडीचा वेग ताशी साडेचार किलोमीटर निघतो, म्हणजे माणसाची चाल. धुऱ्यावरून, नाल्याच्या दगडांवरून क्लच न दाबता, एक्सलरेटरवर पाय न नाचवता गाडी न्यायची तर इंजिनाने या आरपीएमवर बंद न पडता ओढलं पाहिजे. २००० च्या खाली मेलेलं आणि त्यावर उसळणारं इंजिन पांदणीत त्रास देतं, कागदावर त्याचे आकडे कितीही मोठे असोत.

मोठ्या इंजिनाची खरी गरज दोन ठिकाणी लागते. पहिलं ठिकाण कन्हार चिखल. तो टायरच्या खाचांत भरतो, टायर गुळगुळीत होतो, आणि खाचा मोकळ्या करायला चाक जोरात फिरवावं लागतं. लो-रेंजच्या तिसऱ्या गिअरमध्ये ३००० आरपीएमला चाकाचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास जातो. खोल गाऱ्यात एवढं फिरवताना डीआयला दम लागतो, सीआरडीई मात्र सहज खेचतं. दुसरं ठिकाण घाट आणि हायवे. परतवाड्याहून चिखलदऱ्याला माल भरून चढताना, आठ टक्के चढाला डीआयची गाडी पन्नासच्या आसपास टिकते. वळणांच्या घाटात तेवढं पुरतं. पण आठवड्यातून तीनदा नागपूरच्या मार्केटला संत्रा न्यायचा असेल आणि हायवेवर ट्रकच्या मागे अडकून राहायचं नसेल, तर ते पुरत नाही. वर म्हटलेले ‘उरलेले दोघं’ म्हणजे हेच लोक.

आता एकेक इंजिन.

डीआय हे ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. साडेतीन इंच बोअर (सिलिंडरचा व्यास), चार इंच स्ट्रोक (पिस्टनची चाल), म्हणजे ८८.९ बाय १०१.६ मिलिमीटर. टायमिंगला (व्हॉल्व्हची वेळ क्रँकशी जुळवायला) पट्टा नाही, दातेरी गिअर आहेत. व्हॉल्व्ह पुशरॉडवर चालतात. पूर्ण ताकद ३२०० आरपीएमलाच संपते, त्यापुढे फक्त आवाज आणि धूर. डिझेलचा पंप मेकॅनिकल असलेलं मॉडेल घ्या. याची सगळ्यात मोठी जमेची बाजू कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही: मूर्तिजापूर असो की आर्वी, तालुक्याच्या गावात ट्रॅक्टरचं काम करणारा जो मिस्त्री बसला आहे, त्याला हे इंजिन उघडता येतं. रिंग-पिस्टन, लायनर, बेअरिंग, गॅस्केट यांसाठी नागपूरपर्यंत जावं लागत नाही. दोषही आहेत. कंपन एवढं की रबरी माउंटिंग लवकर फाटतात, आणि फाटलेल्या माउंटिंगवर गाडी तशीच चालवली तर सायलेन्सरचा पुढचा पाइप आणि रेडिएटरचा होज तडकतो. थंड इंजिनाचा खडखडाट ऐकून नव्या माणसाला वाटतं, बेअरिंग गेलं. आणि पंपाचा स्क्रू पिळून ‘पिकअप वाढवून’ देणारे मिस्त्री प्रत्येक गावात आहेत. तसं करू देऊ नका. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. ते एक्झॉस्टचं तापमान वाढवतं, टर्बो आणि हेड गॅस्केट खातं. पंप उतरवून टेस्ट बेंचवर कॅलिब्रेट करून घ्यावा, डोळ्यांनी आणि कानांनी नाही.

याच २५२३ सीसीचं कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) रूप म्हणजे एमटूडीआयसीआर. टॉर्क १९५ न्यूटन-मीटर, १४०० ते २२०० आरपीएममध्ये. स्वभाव गोड, धूर कमी. पण त्यात कॉम्प्युटर आला आणि कॉमन रेलची नाजूकताही आली.

ही नाजूकता आपल्याकडे विशेष महत्त्वाची आहे, कारण डिझेल घरी ड्रममध्ये साठवण्याची पद्धत. पेट्रोल पंप वीस-पंचवीस किलोमीटर लांब असतो, ट्रॅक्टर, मळणीयंत्र आणि पिकअप एकाच ड्रमवर चालतात. ड्रममध्ये रात्रीच्या गारव्याने दव धरतं, तळाला पाणी आणि गाळ बसतो. मेकॅनिकल पंप असलं डिझेल काही काळ सोसतो. कॉमन रेलच्या इंजेक्टरमधल्या फटी काही मायक्रॉनच्या असतात, तिथे पाण्याचे थेंब गंज धरवतात आणि बारीक धूळ धातू घासते. मग थंड असताना गाडी सुरू होत नाही, आयडलला थरथरते, आणि इंजेक्टरच्या संचाचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो. कॉमन रेल घालायचंच असेल तर टाकी आणि इंजिनाच्या मध्ये पाणी वेगळं करणारा जादा फिल्टर बसवा, त्याचा खालचा नळ आठवड्यातून एकदा उघडून पाणी काढा. ड्रमची नळी तळापासून चार इंच वर ठेवा, आणि ड्रम हलवल्यावर निदान एक रात्र डिझेल निवळू द्या.

सीआरडीई २४९८ सीसी हे जुन्या थारमध्ये १०५ हॉर्सपॉवर आणि २४७ न्यूटन-मीटर देत होतं, टॉर्क १८०० ते २००० आरपीएमला. स्कॉर्पिओतलं २१७९ सीसी एमहॉक १२० हॉर्सपॉवर आणि २९० न्यूटन-मीटर, १८०० ते २८०० मध्ये. दोन्ही उत्तम इंजिनं, यात वाद नाही. पण टॉर्कचे आरपीएम पुन्हा वाचा. १८०० च्या खाली टर्बो झोपलेला असतो, म्हणून दगडी नाल्यात सावकाश रांगताना डीआयपेक्षा क्लच जास्त वापरावा लागतो. शिवाय ही इंजिनं नुसती ‘इंजिन’ म्हणून विकत घेऊन उपयोग नाही. ज्या गाडीतून काढलं तिचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), इमोबिलायझर आणि चावी, एक्सलरेटरचं इलेक्ट्रॉनिक पेडल, पूर्ण वायरिंग हार्नेस, हवेचा सेन्सर, इंटरकूलर, डिझेल फिल्टरची बैठक, हे सगळं त्याच गाडीतून, एकाच वेळी घ्यायचं. हार्नेस कापून काढलेला असेल तर सौदा सोडून द्या. जोडलेल्या वायरी पावसाळ्यात हिरव्या पडतात, आणि मग बिघाड कधी असतो, कधी नसतो. उंदीर हा वेगळाच विषय. तुरीच्या हंगामात उभ्या गाडीतला हार्नेस त्यांना फार आवडतो.

क्वालिसचं टोयोटा २एल, २४४६ सीसी. शांत, गुळगुळीत, प्रेमात पडावं असं. पण टायमिंगला पट्टा आहे. त्याच्या कव्हरच्या फटीतून चिखल-पाणी आत गेलं की पट्ट्याचं आयुष्य निम्मं, आणि पट्टा तुटला की व्हॉल्व्ह वाकतात. दुसरं म्हणजे तापलं की हेडला तडे जातात ही त्याची जुनी खोड. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या वर असताना ही खोड परवडत नाही. इनोव्हाचं २४९४ सीसी इंजिन जास्त ताकदवान, पण तेही पट्ट्यावर आणि कॉमन रेल. डांबरी रस्त्याला छान.

टाटाचं २९५६ सीसी. सुमो गोल्डमधलं सीआर-४ रूप ८५ हॉर्सपॉवर आणि २५० न्यूटन-मीटर देतं, आणि तो टॉर्क १००० ते २००० आरपीएममध्ये. निव्वळ ओढीचा विचार केला तर या यादीत यासारखं दुसरं नाही. पण हे इंजिन महिंद्राच्या सांगाड्यात बसवणं म्हणजे बेल हाउसिंगला अॅडॅप्टर प्लेट, क्लच प्लेटची स्प्लाइन जुळवणं, नवी माउंटिंग आणि पुढचे पाटे (स्प्रिंग) बदलणं. वजन सगळं पुढच्या अॅक्सलवर येतं, आणि काळ्या मातीत नाक जड असलेली गाडी आधी पुढून रुतते. सांगाडाच टाटा २०७ चा असेल, तर मात्र दुसरीकडे बघूच नका.

जुनं प्यूजो एक्सडीपी, २११२ सीसी, एमएम ५४० जीपमधलं. ९० चा बोअर आणि ८३ चाच स्ट्रोक, टॉर्क १२० न्यूटन-मीटरच्या आसपास. हलक्या जीपला ठीक. माल वाहायच्या पिकअपला घालू नका. ट्रॅक्स गाडीतलं ओएम ६१६ इंजिन टिकाऊ आहे, टायमिंग चेनवर आहे, पण त्याच्याकडूनही घाईची अपेक्षा नको. बीएस-६ इंजिनांबद्दल एवढंच: डीपीएफला (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरला) साफ व्हायला सलग वेगाने पळावं लागतं. घर ते वावर, वावर ते घर अशा चार किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तुंबतो.

इंजिन ठरवण्याआधी कागदपत्रांचा विचार करा, नंतर नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला आरटीओची आगाऊ परवानगी लागते आणि बदल केल्यावर १४ दिवसांत कळवून आरसीवर नवा इंजिन नंबर चढवावा लागतो. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं आहे की कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी गाडी चालणार नाही. कलम १८२ए खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला आणि आरसीवरचा नंबर इंजिनाशी जुळला नाही, तर विम्याचा दावा तिथेच अडतो. म्हणून मूळ गाडीत जे मॉडेल होतं त्याच कंपनीचं, त्याच जातीचं, त्याच इंधनाचं इंजिन घालणं सगळ्यात सोपं. डीआयच्या गाडीत डीआय, यामागे हेही कारण आहे. भंगारातून इंजिन घेताना विक्रीचं बिल आणि ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत किंवा स्क्रॅप केल्याचा दाखला मागा. ब्लॉकवरचा नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला दिसला तर फुकट मिळालं तरी घेऊ नका.

जुनं इंजिन तपासताना विकणाऱ्याने ते आधीच गरम करून ठेवलं असेल तर संशय घ्या. थंड सुरू करून बघायचं. ऑइलचं झाकण काढा. थोडी वाफ चालते, पण फुसफुस करत दाबाने धूर येत असेल तर रिंग गेल्या. रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडून सुरू करा. सतत बुडबुडे म्हणजे हेड गॅस्केट किंवा तडा. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल म्हणजे पाणी आत गेलेलं. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, त्यांच्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. टर्बोचा पाइप काढून दांडा बोटाने हलवा. आजूबाजूला किंचित हलणं चालतं, पुढे-मागे हललं तर टर्बो संपला. क्रँक पुलीही पुढे-मागे ढकलून बघा.

बसवताना फोर-व्हीलच्या गाडीत सगळ्यात जास्त घोटाळा संपचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) होतो. टू-व्हील (दोनच चाकांनी ओढणाऱ्या) गाडीतून काढलेल्या इंजिनाचा संप पुढच्या डिफरन्शियलवर येतो. उभ्या गाडीत जागा दिसते, पण खड्ड्यात अॅक्सल वर आला की संप फुटतो. जॅकने अॅक्सल बंप स्टॉपला (सांगाड्याच्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत उचला आणि मगच अंतर मोजा. निदान ५० मिलिमीटर हवं. पंखा आणि रेडिएटरमध्ये २५ मिलिमीटर. ब्रेकच्या व्हॅक्यूम पंपाकडे हमखास दुर्लक्ष होतं. बऱ्याच डिझेलमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीमागे असतो. अल्टरनेटर बदलला आणि पंप राहिला, तर माल भरलेली गाडी घाटात लाकडासारख्या कडक ब्रेकने उतरवावी लागते. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग नवीनच टाका. इंजिन पुन्हा उतरवण्याची मजुरी त्यांच्या किमतीपेक्षा जास्त.

कूलिंगवर कंजुषी नको. इंजिनासोबत आलेला जुना रेडिएटर रॉडिंग (आतल्या नळ्या सळईने साफ) करून किंवा सरळ नवा, जास्त ओळींचा. पंख्याभोवतीचं श्राउड (आवरण) काढून टाकलेल्या गाड्या गावोगावी दिसतात, आणि त्याच मे महिन्यात उकळताना दिसतात. थर्मोस्टॅट काढून टाकणं हा दुसरा आवडता उद्योग. त्याने इंजिन थंड राहतं खरं, पण डिझेल इंजिन गरजेपेक्षा थंड चाललं की लायनर आणि रिंग झिजतात, डिझेल जास्त लागतं. उकळत असेल तर कारण शोधा. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतणं म्हणजे आतून खवले जमवणं. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं, एवढाच मार्ग. बाहेरून कापसाचे तंतू, कुसळं आणि फुफाटा जाळीत अडकतो. तो इंजिनाच्या बाजूने पुढे, कमी दाबाच्या पाण्याने काढायचा. प्रेशर वॉशरने पंख वाकतात.

हवेसाठी आधी धूळ गाळणारा प्री-क्लीनर आणि उंच नेलेला इनटेक (हवा आत घेणारं तोंड), दोन्ही पाहिजेत. उन्हाळ्यात धूळ रिंग खाते, पावसाळ्यात नाल्याचं पाणी इनटेकमधून सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी स्टार्टर मारून बघायची नाही. आधी इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून हाताने क्रँक फिरवायचा. दोन्ही अॅक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या ब्रीदरना (हवा जाण्या-येण्याच्या भोकांना) नळ्या जोडून त्या बॉनेटपर्यंत वर घ्या. नाहीतर तापलेलं डिफरन्शियल गार पाण्यात शिरताच आत पाणी ओढून घेतं.

पूर्ण काम केलेल्या इंजिनाला पहिल्या १००० किलोमीटरला १५डब्ल्यू-४० ऑइल आणि फिल्टर बदला, टॅपेट तपासा, आणि मॅन्युअल सांगत असेल तर हेडचे बोल्टही ठरलेल्या टॉर्कला पुन्हा कसा. या काळात गाडी अर्ध्या मालावर चालवा, पण नुसती आयडलला तासन् तास घुमवू नका. बेताच्या ओझ्याखालीच रिंग बसतात. टर्बोची गाडी घाट चढून आल्यावर लगेच बंद न करता एखादा मिनिट आयडलला ठेवा.